बोट पाचला सुटते, विमान कधीचे घ्यावे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडापूजन आटोपते, नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आणि मग लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत पेढीचे दार बंद राहते. व्यापारी कुटुंबाला वर्षातून एकदाच मिळणारी ही खरीखुरी सुट्टी होय. एरवी घरातील एक जण तरी गादीवर असावाच लागतो. या चार दिवसांत मात्र भाव नाही, वसुली नाही, बँकेची धावपळ नाही. पूर्वी हे दिवस तीर्थयात्रेत किंवा महाबळेश्वर-माथेरानला जात. अलीकडे मुंबई-पुण्याबरोबर सांगली, सोलापूर, जळगाव, इचलकरंजी येथील घरांतही क्रूझचे नाव निघू लागले आहे. तीन पिढ्या एका छताखाली राहतात, सामान एकदाच उघडावे लागते, वृद्धांना रोज गाडीत चढ-उतार करावी लागत नाही, आणि आधी कळविल्यास कांदा, लसूण व कंदमुळे वगळलेले जेवण अनेक जहाजांवर मिळते. आवड निर्माण होण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत.

अडचण येते ती दिवसांच्या मोजणीत. क्रूझची तारीख कंपनी ठरविते, पूजनाची तारीख पंचांग ठरविते, आणि या दोहोंच्या मध्ये विमान बसवायचे असते. जागा अपुरी पडली की पहिली कात्री लागते ती बोट सुटण्याच्या आदल्या दिवसाला. तो दिवस रिकामा दिसतो. त्यात काही पाहायचे नसते, काही ठरलेले नसते, आणि हॉटेलचे भाडे मात्र पडते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि गुळाची आडत असलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आईवडील, दोन भाऊ, दोन जावा आणि तीन मुले, अशी नऊ माणसे. अमावास्येला सायंकाळी पूजन, पाडव्याच्या सकाळी मोटारीने मुंबई, त्याच रात्री सिंगापूरचे विमान, भाऊबीजेच्या सकाळी सिंगापूर, आणि सायंकाळी पाच वाजता बोट. मुहूर्ताला पेढीवर चुलतभाऊ बसणार. धाकट्या भावाने सर्व आखणी करून थोरल्यापुढे ठेवली.

“दादा, सकाळी साडेसातला उतरतो, बोट पाचला आहे. साडेनऊ तास हाताशी आहेत. एका रात्रीसाठी हॉटेलात पैसे कशाला घालायचे?”

“साडेनऊ तास खरे. पण ते विमान रात्री सुटलेच नाही, तर पुढचे कधी आहे ते पाहिलेस का?”

धाकट्याने ते पाहिलेले नव्हते. बहुतेक जण पाहत नाहीत. विमान उशिरा येईल ही शक्यता प्रत्येक जण धरतो आणि तेवढे तास राखून ठेवतो. विमान रद्द होईल ही शक्यता निराळी आहे, आणि तिचे माप तासांत होत नाही. ते माप असे की, ठरलेले विमान गेले नाही तर बोटीचे दार बंद होण्याआधी पोहोचविणारी आणखी किती विमाने आहेत, आणि त्यांत नऊ जागा आहेत का? एरवीच्या मंगळवारी मुंबईहून सिंगापूरला दुसरे विमान मिळणे अवघड नाही. दिवाळीच्या आठवड्यात एकेक जागा भरलेली असते. एकट्या माणसाला कोठेतरी खुर्ची मिळते. नऊ जणांना दोन-दोन, तीन-तीन करून वेगवेगळ्या दिवशी पाठविले जाते. आईवडील एका विमानात, मुले दुसऱ्या विमानात, हे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

शिवाय ते साडेनऊ तासही पूर्ण नसतात. पाच ही बोट हलण्याची वेळ असते. बहुतेक कंपन्या त्याआधी तास-दीड तास प्रवेश बंद करतात. म्हणजे हिशेब साडेतीनचा धरावा. पारपत्र तपासणी, सामानाचा पट्टा आणि नऊ जणांसाठी मोठी गाडी, यांत दीड-दोन तास सहज जातात. सिंगापूरला बोटी दोन ठिकाणांहून सुटतात, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. चुकीच्या धक्क्यावर गाडी लागली तर आणखी अर्धा-पाऊण तास. एवढे वजा केले तरी सहा तास उरतात, आणि केवळ उशीर झाल्यास ते बहुधा पुरतात. थोरल्या भावाची शंका उशिराविषयी नव्हती.

बोट का थांबत नाही, असा प्रश्न हमखास विचारला जातो. तीन हजार माणसांपैकी नऊ जण अर्ध्या तासावर आहेत, तर थांबायला काय झाले? धक्क्याची जागा ठराविक वेळेपुरती घेतलेली असते, बंदरातून जहाज बाहेर काढणारा पायलट त्या वेळेसाठी बोलाविलेला असतो, आणि पुढच्या बंदरातील जागाही तशीच बांधलेली असते. गमावलेला वेळ समुद्रात भरून काढायचा तर वेग वाढवावा लागतो, आणि जहाजाचा वेग थोडा वाढविला तरी इंधन त्या प्रमाणाहून कितीतरी अधिक जळते. त्यात कायद्याचीही भर पडते. अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी किमान साठ मिनिटे सीमा-अधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. यादी गेली की दार मिटले. क्रूझ कंपनीकडूनच विमानाचे तिकीट घेतले असेल तर ती अशा प्रवाशांवर लक्ष ठेवते आणि पुढच्या बंदरावर गाठ घालून देण्याचा प्रयत्न करते. पण तोही प्रयत्नच असतो, थांबण्याचे वचन नसते.

पुढच्या बंदरावर गाठू, हा दिलासा अनेक जण स्वतःला देतात. भूमध्य समुद्रात तो काही वेळा खरा ठरतो. बार्सिलोनाला बोट चुकली आणि दुसऱ्या दिवशी ती मार्सेला लागणार असेल, तर शेंगेन व्हिसावर रेल्वेने किंवा विमानाने तेथे पोहोचता येते, आणि कंपनीची परवानगी असेल तर चढताही येते. सिंगापूरहून सुटलेली बोट पुढे पेनांग किंवा फुकेतला जाते. म्हणजे दुसरा देश, त्याचे प्रवेशाचे नियम आणि त्यासाठी नव्याने नऊ तिकिटे. अलास्काच्या सहलीत तर एक विलक्षण अडथळा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू नये, असा अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे, आणि मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सर्व परदेशी ध्वजाचीच असतात. त्यामुळे सिॲटलला बोट चुकलेला प्रवासी केचिकन किंवा जुनो येथे चढून शेवटी सिॲटलला उतरू पाहील, तर त्यास सहसा चढू देत नाहीत. तीच सहल कॅनडातील व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरला परतणारी असेल तर हा अडथळा येत नाही. पैसे भरण्यापूर्वी ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

आता पैशाचा हिशेब मांडावा, कारण या पानाच्या वाचकांना तो मांडल्याशिवाय चैन पडणार नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. क्रूझ माणशी ₹६०,०००, म्हणजे नऊ जणांचे ₹५,४०,०००. आदल्या रात्रीचे हॉटेल, तीन खोल्या, जेवण आणि गाडी धरून ₹६०,०००. बोट चुकल्यास क्रूझचे भाडे बुडते. बंदराचे शुल्क आणि कर तेवढे बहुधा परत मिळतात. म्हणजे पाच लाख चाळीस हजारांच्या जोखमीवर साठ हजारांचा हप्ता, नवास एक. विमान रद्द होऊन बोट चुकण्याचा संभव नवांत एक एवढा मोठा असेल, तरच नुसत्या अंकगणिताने आदली रात्र परवडते. थेट विमानाच्या बाबतीत तो संभव एवढा मोठा नसतो, हे मान्य केले पाहिजे. धाकटा भाऊ हिशेबात कच्चा नव्हता.

परंतु हेच अंकगणित गोदामाच्या आगीच्या विम्याला लावून पाहावे. गोदामे रोज जळत नाहीत. विमा कंपनी सर्वांकडून मिळून घेते ते, ती सर्वांना मिळून देते त्याहून अधिकच असते, नाहीतर ती चालली नसती. तरीही शहाणा आडत्या हळदीचा विमा उतरवितो, कारण त्याचे गोदाम एकच असते. हजार गोदामांची सरासरी विमा कंपनीच्या कामाची; एका गोदामाच्या मालकाला सरासरी उपयोगाची नसते. नऊ जणांची, तीन पिढ्यांची सहल दर आठवड्याला होत नाही. वडिलांचे वय अठ्ठ्याहत्तर असेल तर ती पुन्हा होईलच असेही नाही. बँक मालतारणावर कर्ज देताना शंभराच्या मालावर पंचाहत्तरच देते आणि पंचवीस राखून ठेवते. त्या पंचवीसाबद्दल कुरकुर करणारा व्यापारी भाव कोसळलेल्या वर्षी त्याच पंचवीसामुळे तरतो. आदली रात्र हे त्याच जातीचे मार्जिन आहे. त्यातून काही परतही मिळते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर वृद्धांना पलंगावर पाठ टेकता येते, आणि मागे राहिलेली बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येऊन बोट सुटण्याआधी हाती पडण्याची शक्यता असते. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशाची राहिलेली बॅग मात्र बंदरामागून बंदर बोटीचा पाठलाग करीत राहते.

विमाने रद्द होण्याची कारणे प्रवाशाच्या घरापासून किती दूर असू शकतात, हे गेल्या काही वर्षांनी दाखविले आहे. १ जुलै २०१९च्या रात्री मुंबईच्या पावसात एक विमान धावपट्टीबाहेर घसरले आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. ज्यांचा त्या विमानाशी काहीच संबंध नव्हता अशा असंख्य प्रवाशांची उड्डाणे कोलमडली. १६ एप्रिल २०२४ला दुबईत न भूतो असा पाऊस झाला आणि जगातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक पुढचे काही दिवस रुळावर आला नाही. १९ जुलै २०२४ला एका संगणक सुरक्षा प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरचे संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. २० मार्च २०२५च्या रात्री लंडनजवळच्या एका विद्युत उपकेंद्राला आग लागली, दुसऱ्या दिवशी हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिले, आणि वाटेवर असलेली काही विमाने मागे फिरली. २३ जून २०२५ला कतारने आपले आकाश काही तास बंद केले आणि दोहामार्गे जाणाऱ्यांचे पुढचे जोडविमान हुकले. यांपैकी बहुतेक अडथळ्यांतून एक-दोन दिवसांची मोकळीक माणसाला पार करून नेते. सर्वांतून नेत नाही, हेही खरे. एप्रिल २०१०मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली, तेव्हा सुमारे सहा दिवस विमाने जमिनीवर होती. त्या प्रसंगासाठी कोणी आठवडाभर आधी जाऊन बसणार नाही, आणि बसूही नये.

तर किती आधी जावे? याचे उत्तर बंदरापेक्षा मार्गावर अवलंबून आहे. थेट विमान असेल आणि त्याच मार्गावर दिवसातून बरीच विमाने असतील, जसे सिंगापूर किंवा दुबई, तेथे एक रात्र पुरे. त्याहून अधिक राहायचे ते शहर पाहण्याच्या हौसेने राहावे. सुरक्षिततेसाठी तिसरा दिवस खर्च करणे हा अतिरेक होय. दोन विमाने जोडून युरोपला जायचे असेल, तर दोन रात्री धराव्यात. तीन विमाने जोडणारा मार्ग कुटुंबाने घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त दिसो. अमेरिकेसाठी दोन रात्री हे किमान. पारपत्र तपासणी पहिल्या अमेरिकी विमानतळावरच होते, तेथे सामान साधारणतः पुन्हा ताब्यात घेऊन पुढच्या विमानासाठी द्यावे लागते, आणि तेथील रांगेचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. मायामीची घड्याळे भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. पहिली रात्र झोपेतच जाते. शिवाय एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केल्यावर पश्चिमेकडील त्यांची उड्डाणे लांबली आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. जुन्या अनुभवावरून जोडविमानाची वेळ ठरविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीमार्गे जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. धुके रात्री उशिरा आणि पहाटे दाटते, दुपारी विरते. त्यामुळे पहाटेच्या दिल्ली-विमानाच्या भरवशावर परदेशी विमान जोडण्यापेक्षा आदल्या दुपारीच दिल्ली गाठणे किंवा मुंबईहून थेट जाणे बरे.

एका गोष्टीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. प्रवास सांगलीहून सुरू होतो, मुंबईहून नव्हे. सांगली ते मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. घाटात एक कंटेनर आडवा झाला की तास-दोन तास जातात, आणि दिवाळीच्या दिवसांत महामार्ग तसाही तुंबलेला असतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघून मुंबईत नातलगांकडे दिवस काढणे हा जुना मार्ग आजही वाईट नाही. जी गोष्ट सिंगापूरला लागू, तीच मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीला लागू. तेथे विमान नाही म्हणून निर्धास्त राहून त्याच सकाळी सांगलीहून निघणारे लोक आहेत.

दुसऱ्या टोकालाही अशीच गफलत होते. जाहिरातीत शहराचे नाव असते, बोट मात्र शहरात नसते. रोमची बोट चिव्हिताव्हेक्कियाला लागते. ते रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. लंडनची बहुधा साउदॅम्प्टनला. हीथ्रोपासून शंभर किलोमीटर. पॅरिसची ल हाव्रला, सुमारे दोनशे किलोमीटर. बर्लिनची वार्नेम्युंडेला, त्याहूनही दूर. अथेन्सचे पिरेयस मात्र शहराला लागूनच आहे, आणि बार्सिलोनाच्या विमानतळावरून धक्का पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. ज्या बंदरासाठी शेवटचा टप्पा लांबचा, तेथे आदल्या रात्रीचे हॉटेल विमानतळाजवळ घेण्यात अर्थ नाही. शक्य तितके बंदराकडे सरकून झोपावे. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ या वेळेत हमीच्या स्थानिक गाड्या धावतात. रोममध्ये राहिलेल्यांनी ती वेळ साधावी.

बोट चुकल्यास विमान कंपनीकडून भरपाई घेऊ, असा एक समज आहे. क्रूझचे तिकीट आणि विमानाचे तिकीट हे दोन स्वतंत्र करार असतात. विमान कंपनीने पर्यायी उड्डाण दिले किंवा पैसे परत केले की तिच्या दृष्टीने व्यवहार बहुतांशी संपला. पुढे बोट होती की विवाह होता, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना १९९९चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारत २००९पासून त्याचा सदस्य आहे. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यात आहे, परंतु तिला रकमेची मर्यादा आहे, आणि शक्य ते सर्व उपाय योजले होते हे कंपनीने दाखविल्यास ती सुटते. वादळ, आग, बंद आकाश अशा प्रसंगी ते दाखविणे तिला अवघड जात नाही. प्रवास विम्यात ‘जोडविमान हुकणे’ हे कलम असते. ते कलम मात्र शब्द न् शब्द वाचावे. किती तासांचा उशीर झाला पाहिजे, दोन वेगळ्या तिकिटांवरील विमाने ‘जोडविमान’ मानली जातात का, बोटीचा त्यात समावेश आहे का, आणि प्रवाशाने किती मोकळीक ठेवणे अपेक्षित आहे? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तुटपुंजी वेळ ठेवणाऱ्याचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला तेवढे कारण पुरते. या सर्व हिशेबात टीसीएसची रक्कम खर्च म्हणून धरू नये, एवढे जाता जाता. ती आयकरात वळती होते.

आदली रात्र धरायची ठरली की व्हिसाच्या अर्जातही ती दिसली पाहिजे. अनेकदा अर्ज बोटीच्या तारखेवर भरला जातो आणि नंतर विमान एक दिवस अलीकडे घेतले जाते. मग व्हिसा सोमवारपासून आणि विमान रविवारचे, असा घोळ होतो. शेंगेनचा अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. बोट वाटेत शेंगेनबाहेरच्या बंदराला, उदाहरणार्थ ट्युनिस किंवा तुर्कस्तानला, जाऊन परतणार असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. सिंगापूरलाही बोटीवर चढणे म्हणजे देश सोडणे, आणि परत उतरणे म्हणजे नवा प्रवेश. आगमनपत्र त्या वेळी पुन्हा भरावे लागते.

जेवणाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने तो पहिला असतो. विमानात जैन भोजनाची नोंद ‘व्हीजेएमएल’ या संकेताने होते आणि ती साधारणतः किमान चोवीस तास आधी करावी लागते. विमान बदलून मिळाले की ही नोंद बहुधा नव्या विमानात जात नाही. ऐनवेळी दुसऱ्या विमानात बसविलेल्या आजीला सात तास फळाच्या फोडींवर काढावे लागतात. खाखरा, सुका मेवा आणि औषधे म्हणूनच हातातल्या पिशवीत असावीत, पोटातल्या सामानात नव्हे.

मोठ्या कुटुंबाने तिकिटे काढताना आणखी एक काळजी घ्यावी. एका पीएनआरवर साधारणतः नऊच प्रवासी बसतात. अकरा जण असतील तर दोन पीएनआर होतात, आणि गोंधळाच्या वेळी विमान कंपनी त्या दोन गटांना दोन परके प्रवासी समजते. म्हणून विभागणी अशी करावी की प्रत्येक गटात इंग्रजी बोलणारा आणि निर्णय घेऊ शकणारा एक प्रौढ असेल, मुले आपल्या आईवडिलांबरोबर असतील, आणि वृद्ध एकटे पडणार नाहीत. सर्व पुरुष एकीकडे आणि सर्व बायका-मुले दुसरीकडे, अशी नावे भरणारे एजंट आहेत.

सांगलीच्या त्या कुटुंबापुढे तीन वाटा होत्या. पूजन झाल्या झाल्या रात्रीच मुंबईकडे निघायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्रभर मोटारीत आणि लगेच विमानात, हे घरात कोणालाच मान्य झाले नाही. वडिलांनी सुचविले की आपण मागे राहतो, तुम्ही पुढे व्हा. त्यांना घेऊन जायचे म्हणून तर सहल निघाली होती. तिसरी वाट म्हणजे तीच बोट नाताळच्या सुट्टीतली घ्यायची. भाडे थोडे अधिक, पण मध्ये पूजन नाही, मुहूर्त नाही, भाऊबीजेला बहिणींकडे जाणेही चुकत नाही. धाकट्याने पुन्हा कागद घेतला आणि या वेळी सुरुवात बोटीच्या दारापासून करून मागे मागे येत गेला: साडेतीनला दार, आदली रात्र बंदराजवळ, त्याच्या आदल्या रात्रीचे विमान, त्या सकाळी मुंबई. मुक्कामासाठी त्याने निवडलेले हॉटेल थोरल्याला महाग वाटले, आणि त्यावर दोन दिवस नवा वाद झाला. तो येथे सांगण्यासारखा नाही.

तिकीट हाती आले की वेळ दोनदा वाचावी, विशेषतः मध्यरात्रीची. विमान २४ तारखेला रात्री बारा वाजून पंधरा मिनिटांनी असेल, तर विमानतळावर २३च्या रात्री नऊ वाजता पोहोचावे लागते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि विमान कंपनीचा मध्यरात्री. बारा-पंधरा म्हणजे ‘२४ची रात्र’ असे घरातील निम्म्या माणसांच्या मनात पक्के बसते, आणि २४च्या संध्याकाळी सगळे तयार होऊन बसलेले असतात. ज्याने एक दिवस आधी जायचे ठरविले आहे, त्याची बोट या चुकीनंतरही कदाचित सापडेल. परतीच्या दिवशी एवढी ताणाताण नसते. बोट सकाळी लवकर लागते, पण सर्वांना उतरायला नऊ-दहा वाजतात, म्हणून परतीचे विमान दुपारी दोननंतरचे घ्यावे आणि सामान आदल्या रात्री दाराबाहेर ठेवताना पारपत्रे त्यात गेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे.